सांगून गेले असते तर

आमच्या कॅम्प पाचात निळं पाणी बघायचं तर नाल्यावर जायचं. मी शाळेत होते तेव्हा उल्हासनगरात जीन्सचे कारखाने वाढत होते. कापड रंगवून, धुऊन झालं की ते पाणी नाल्यात यायचं आणि पुढे वालधुनीला मिळायचं. कधी गडद निळं, कधी काळपट. अब्बा अशाच एका कारखान्यात शिलाई मशीनवर बसायचे. संध्याकाळी घरी आले की बोटांच्या पेरांवर निळा रंग असायचा. अम्मी त्यांना चिडवायची, "आ गए नीले नवाब!"

समुद्र तसा लांब नव्हता. अंबरनाथला लोकल पकडली की दीड-पावणेदोन तासांत सीएसटी. पण आमच्या घरात समुद्र म्हणजे हाजी अली, आणि तोही कुणाची मन्नत पूर्ण झाली तरच. दर्ग्याकडे जाणाऱ्या त्या वाटेवर अम्मीने माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं असायचं, की घरी येईपर्यंत तिथे बांगड्यांचे वळ राहायचे. भरतीच्या आत परत फिरायचं असे. समुद्र दोन्ही बाजूंना होता, पण थांबून बघायला कुणाला सवड नव्हती.

आमच्या शेजारी एक सिंधी दादी राहायच्या. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या. तेव्हा आमचं हे गाव म्हणजे लष्कराने सोडलेली छावणी होती, म्हणून तर अजून 'कॅम्प' म्हणतात. दादी पापड लाटता लाटता क्लिफ्टनच्या समुद्राबद्दल बोलायच्या. तिथली हवा, तिथली वाळू. मला वाटायचं, अंगणात पापड वाळत घालणाऱ्या या बाईकडे एक अख्खा समुद्र आहे आणि माझ्याकडे नाला.

आता मुद्द्याचं सांगते. जानेवारी २००३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मी घरी खोटं बोलून एकटी मुरूडला गेले होते.

बी.एड.चं वर्ष चालू होतं. सकाळी कॉलेज, दुपारी सरावाचे पाठ, रात्री पाठाच्या टाचणांच्या वह्या. त्यात घरात स्थळांची बोलणी सुरू झालेली. रविवारी पाहुणे येणार, मी चहाचा ट्रे घेऊन जाणार, हे ठरलेलं. कुणी वाईट वागत नव्हतं. पण एक दिवस असा हवा होता, जो मी मागून घेतलेला नाही आणि ज्याचा हिशोब कुणाला द्यायचा नाही. कुठे जायचं, तर जंजिरा. कारण उर्दूच्या अभ्यासात ते नाव सारखं यायचं. शिबली नोमानी जंजिऱ्याला येऊन राहिले होते. शिबलींनी आणि इक्बालनी जिला पत्रं लिहिली ती अतिया फ़ैज़ी, आणि जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम नाज़ली ही तिची सख्खी बहीण. आम्हाला अतिया एवढीच माहीत होती, थोर पुरुषांची पत्रं जिच्या पत्त्यावर गेली ती बाई.

घरी सांगितलं, प्रॅक्टिस टीचिंग आहे, उशीर होईल. पहाटे निघाले. कल्याणहून पनवेलची एसटी, पनवेलहून अलिबाग, अलिबागहून मुरूड. प्रत्येक गाडीत कंडक्टरने एकच प्रश्न विचारला, "एकच तिकीट?" मी एकच म्हटलं की ते माझ्या मागे बघायचे, कुणी राहिलं का म्हणून.

रेवदंड्यानंतर पूल लागतो, मग कोर्लई. त्या गावातले ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीजमधून जन्मलेली त्यांची स्वतःची बोली बोलतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी दखनी, शाळेत मराठी आणि मदरशात उर्दू असं तीन भाषांत वाढलेली मी ते ऐकायला नक्की उतरले असते. पण माझं लक्ष उजव्या बाजूच्या खिडकीकडे होतं. काशीदच्या आसपास झाडांमधून पाणी दिसलं आणि मग ते दिसतच राहिलं. पहिल्यांदा मनगट कुणी धरलेलं नव्हतं. मी खिडकीच्या गजाला धरून बसले आणि रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, मयताला चाललीस का? मी हो म्हटलं. त्या दिवसातलं दुसरं खोटं.

राजपुरीला शिडाच्या होडीत बसले. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. नुसती भिंत, आणि होडी भिंतीवर आपटणार असं वाटेपर्यंत भिंतच. मग अचानक कमान. 'जज़ीरा' म्हणजे अरबीत बेट, त्याचं मराठीत जंजिरा झालं. शाळेच्या इतिहासात हा किल्ला आम्हाला भेटला तो फक्त 'मराठ्यांना न जिंकता आलेला' म्हणून, आणि तो धडा चालू असताना वर्गातल्या दोन-चार माना हमखास माझ्याकडे वळायच्या. जणू तो मीच अडवून धरला होता. त्या दिवशी तटावर उभी राहून मला पहिल्यांदा तो नुसता किल्ला दिसला. गंजलेल्या तोफा, आत गोड्या पाण्याचे तलाव, चहूकडे खारं पाणी. होडीवाल्याने सगळ्यांना माहिती सांगितली आणि शेवटी मला वेगळं विचारलं, "सोबत कोण आहे?"

परत येऊन मुरूडच्या किनाऱ्यावर चप्पल हातात घेऊन पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी राहिले. अर्धा तास असेल. एक खानावळ गाठली, तिथेही "किती जण?" हाच प्रश्न. मासे-भाकरी खाल्ली. माझ्या पैशाने, माझ्या आवडीचा तुकडा निवडून. घरी चांगला तुकडा भावाच्या ताटात जायचा. एवढीच ती सहल. दोन-अडीच तासांचा समुद्र आणि जाऊन-येऊन दहा-अकरा तासांची एसटी.

परतताना पनवेलला गाडी चुकली. मोबाइल नव्हता. अंबरनाथला उतरले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. पुलाच्या पायऱ्यांशी अब्बा उभे होते. नंतर अम्मीकडून कळलं, सातपासून उभे होते. कल्याणकडून येणारी प्रत्येक लोकल बघत. मला बघितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "खाना खाई?" मी मान हलवली. ते पुढे चालू लागले. माझी सलवार घोट्यापाशी मिठाने कडक झाली होती आणि मी ती सारखी ओढणीने झाकत होते.

पुढे लग्न झालं, नोकरी लागली, मुलगी झाली. हा दिवस मी कुणालाच सांगितला नाही. मनात मात्र त्याला मोठं करत राहिले. माझं बंड, माझं स्वातंत्र्य वगैरे.

बऱ्याच वर्षांनी अतियाबद्दल नीट वाचायला मिळालं आणि माझी कान उघाडणी झाली. ही बाई १९०६ मध्ये लंडनला गेली होती. कशासाठी? शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला! म्हणजे आपलं बी.एड.च म्हणा. मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात. वय एकोणतीस, लग्न झालेलं नव्हतं. प्रकृतीमुळे शिक्षण अर्धवट सोडून पुढच्याच वर्षी तिला परतावं लागलं. पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. ती रोजनिशी लिहून घरी पाठवत होती आणि ती रोजनिशी लाहोरच्या 'तहज़ीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या साप्ताहिकात छापून येत होती. पुढे 'ज़माना-ए-तहसील' नावाने तिचं पुस्तक झालं. कुठे गेले, काय पाहिलं, कुणाला भेटले हे घरच्यांनाच नव्हे, तर कितीतरी अनोळखी घरांतल्या पडद्यामागच्या बायकांना ती सांगत होती.

तिचं घराणं श्रीमंत होतं, शिकलेलं होतं, बहीण बेगम होती. शिलाई कामगाराच्या मुलीने तिच्याशी बरोबरी करू नये, हे मलाही कळतं. तरी प्रश्न राहिलाच. तिचा प्रवास उघडा होता, माझा लपवलेला. मग जास्त मोकळं कोण होतं? फाळणीनंतर अतिया कराचीला गेली आणि १९६७ मध्ये तिथेच वारली. दादी तिकडचा समुद्र सोडून इकडे आल्या, ती इकडचा सोडून तिकडे. दोघींनाही निदान समुद्राबद्दल बोलता येत होतं.

मग १ फेब्रुवारी २०१६ आला. पुण्याच्या एका कॉलेजची सहल मुरूडला गेली होती. १४ मुलं-मुली बुडाली. टीव्हीवर तोच किनारा दाखवत होते जिथे मी पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी होते. मयतांच्या नावांत आपली नावं होती. दुसऱ्या दिवशी शाळेत स्टाफरूममध्ये कुणी जेवलं नाही. सहलींचे फॉर्म आम्हीच भरून घेतो, पालकांना "काळजी करू नका, आम्ही आहोत" असं आम्हीच सांगतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या मुलांच्या आई-बापांना निदान ठाऊक होतं, कुठे धावायचं. मी २००३ मध्ये बुडाले असते तर? अब्बा अंबरनाथच्या पुलावर उभे राहिले असते. मग कॉलेजात गेले असते, मैत्रिणींच्या घरी गेले असते, पोलिसांत गेले असते. लोक बोलले असते, पळून गेली. मुरूडचं नाव कुणाच्या डोक्यात आलं नसतं. मी ज्याला माझं स्वातंत्र्य म्हणत होते, त्याची किंमत मी नाही, पुलावर उभ्या असलेल्या माणसाने मोजली असती.

आठवड्याभराने माहेरी गेले आणि अब्बांना सगळं सांगितलं. एसटी, होडी, पाणी, खानावळ. ते अंथरुणावर बसून ऐकत होते. वाटलं, रागावतील. निदान "झूट बोली?" एवढं तरी म्हणतील. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मेरेकु कायकु नै लेके गई?"

मला का नाही नेलंस! मला उत्तर देता आलं नाही. सोलापूरहून आलेला हा माणूस तीसेक वर्षं मशीनवर बसला, आणि त्यानेही समुद्र पाहिला तो हाजी अलीच्या गर्दीत, आमची मनगटं मोजत. मी त्यांना दरवाजा समजत होते, जो चुकवून बाहेर पडायचं. तेही माझ्यासारखे आतच होते, हे तेरा वर्षं माझ्या लक्षात आलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्यांना मुरूडला नेलं. गुडघ्यांमुळे त्यांना किल्ल्याच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं, पण राजपुरीला धक्क्यावर बसले. समुद्राकडे कमी आणि होड्यांच्या शिडांकडे जास्त बघत होते. एका होडीवाल्याला बोलावून त्यांनी शिडाची शिवण हाताने चाचपली. दुहेरी टाका आहे, म्हणाले, पण दोरा हलका वापरलाय, वाऱ्याला टिकणार नाही. मग त्या होडीवाल्याशी दोऱ्यांवर अर्धा तास गप्पा. निघताना मला विचारलं, तू नक्की कुठे उभी होतीस? मी जागा दाखवली. ते तिथे जाऊन उभे राहिले, पँट वर न दुमडताच.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी म्हणाली, "अम्मी, मला एकटीला दिवेआगरला जायचंय. दोन दिवस." वीस वर्षांची आहे, स्वतःच्या शिकवण्यांचे पैसे साठवलेले. लिहिताना मोठमोठ्या गोष्टी लिहिणाऱ्या मी पहिला शब्द काय काढला असेल? "नाही." दुसरा, "सोबत कोण आहे?" तोंडातून निघाल्यावर ऐकू आलं की हा प्रश्न कुणाचा होता.

तीन दिवस घरात वाद झाले. तिच्या अब्बांना जमाना दिसत होता, मला पाणी दिसत होतं. दोन्ही भीती खोट्या नाहीत. एकट्या मुलीला खोली देताना लोक कसे बघतात ते मला माहीत आहे, आणि आपलं आडनाव ऐकल्यावर कसे बघतात तेही. शेवटी ठरलं ते असं : जिथे राहणार तिथल्या बाईंशी आधी मी फोनवर बोलणार. ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरायचं नाही आणि भरती-ओहोटी गावातल्या कोळ्यालाच विचारायची, मोबाइलला नाही. बेत बदलला तर कळवायचं. आणि आम्ही तासातासाला फोन करायचा नाही, ही तिची अट. ती मला सगळ्यात जड गेली.

जायच्या आदल्या दिवशी ती नानांना भेटायला गेली. अब्बांनी तिच्या हातात पाचशेची नोट ठेवली आणि शिडांचे फोटो काढून आणायला सांगितलं. शिवण जवळून दिसली पाहिजे, म्हणाले.

परत यायच्या दिवशी तिने पनवेलहून फोन केला, गाडी मिळाली म्हणून. तरी मी सातला अंबरनाथ स्टेशनला जाऊन पुलाच्या पायऱ्यांशी उभी राहिले. चौथ्या लोकलमधून ती उतरली. खांद्यावर बॅग, पायांत वाळू भरलेली सँडल, चेहरा उन्हाने काळवंडलेला.

"अम्मी, तू कशाला आलीस? सांगितलं होतं ना मी!"

"सांगितलं होतंस," मी म्हटलं. "जेवलीस का?"