जावक पेटीतले पत्र

निपाणीच्या अक्काला ऐकू कमी येते, त्यामुळे फोन तिला नकोसा वाटतो. मी बेळगावहून ई-मेल धाडावा आणि तिच्या नातवाने तो कागदावर छापून तिच्या हाती द्यावा, असा आमचा शिरस्ता. पुतण्याने माझ्या संगणकावर लिनक्स बसवले, सोबत पत्रव्यवहाराची एक अवाढव्य आज्ञावलीही. तीत दिनदर्शिका, कामांची यादी, पत्त्यांची वही, सारे काही! मला हवे होते केवळ पत्र लिहिणे.

गेल्या महिन्यात माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. तसे अक्काला कळवले. आणि आधी ठरलेल्या दिवशी पहिल्या बसने अक्का दारात हजर! "डोळ्याला पट्टी कुठे आहे रे?"

पत्र जावक पेटीतच पडून होते. पुतण्याने उलगडा केला. पत्र जाण्याची 'एसएमटीपी' ही रीत १९८२ सालची, येण्याची 'आयमॅप' १९८६ सालची. दोन्हींचे परवलीचे शब्द आज्ञावलीने निरनिराळे साठवलेले. मी बदललेला शब्द एकीलाच सांगितला होता. म्हणून पत्रे येत राहिली, पण जाईनात. सूचना कोपऱ्यात बारीक अक्षरांत उमटली होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती दिसावी कशी?

एक आज्ञावली नकोशी झाली तर दुसरी घेता येते, हा लिनक्सचा गुण मात्र मान्य केला पाहिजे. आता साधीशी बसवून घेतली आहे. तरीही पत्र धाडल्यावर जावक पेटी रिकामी झाली ना, हे मी पाहतोच.

सायंकाळी बसमध्ये चढताना अक्का म्हणाली, "पत्र राहिले ते बरेच झाले. भेट तरी झाली."