घर नेमकं कुठलं?

मॉर्मन पंथातली मुलं अठरा वर्षांची झाली, की दोन वर्षं धर्मप्रचाराला बाहेर पडतात. मुलीही, पण दीड वर्षासाठी. पांढरा शर्ट, छातीवर काळी नावपट्टी, चोवीस तास एक जोडीदार सोबत. जायचं कुठं, हे चर्च ठरवतं. 2019पर्यंत घरी फोन व्हायचा तो नाताळला आणि मातृदिनाला. त्या वयात आईचा आवाज असा महिनोनमहिने न ऐकणं किती जड गेलं असेल!

याच पंथाचा ह्यू फिंडले 1852मध्ये मुंबईत उतरला, पुढं पुण्याच्या लष्कर भागात फिरला. हाती लागली ती मोजकीच माणसं. त्याला अपयश म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या पंथाचे अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863मध्ये इथंच जन्मला, इथंच वाढला, आणि कळत्या वयात आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेला. जहाजात बसताना तो घरी निघाला होता, की घर सोडून? हा प्रश्न काही केल्या मनातून जात नाही.

1886च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात बावीस वर्षांच्या रॉबर्टनं बरोबरीच्या विद्यार्थ्यांना परदेशी मिशनरी सेवेसाठी साद घातली. शंभर तरुण तयार झाले. पुढं तो स्वतःही भारतात परतला आणि कॉलेजच्या मुलांमध्ये काम करू लागला.