दीड तासाचं नागपूर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दहाला नागपूरहून भाच्याचा फोन आला. ताई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, सकाळी दहाला ऑपरेशन. "मावशी, ती सारखी तुझं नाव घेतेय."

नातवाने लगेच मोबाईल काढला. "आजी, मुंबई-नागपूर ६९० किलोमीटर, वेळ दीड तास. पहाटेच्या विमानात बस, की पोचलीस!"

मी शाळेत भूगोल शिकवायचे. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून अंतर कसं मोजायचं, हे मीच मुलांना दाखवायचे. ते ६९० म्हणजे हाच ताणलेला दोरा. आगगाडी कसारा घाट चढून, भुसावळ-बडनेऱ्यावरून जाते, म्हणून तिचे ८३७ किलोमीटर होतात. आमच्या लहानपणी ती एक अख्खी रात्र असायची आणि सकाळी तोंडावर कोळशाची काजळी. पण दोऱ्यावरून कोणी चालत नाही, हे मात्र मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

नेरुळहून पावणेचारला निघाले. वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर करत विमानतळ. मग रांगा, तपासणी, पुन्हा रांगा. साडेसहाचं विमान पावसामुळे सव्वा तास जागचं हललं नाही. हललं ते नागपूरकडे नव्हे, समुद्राकडे! विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि पावसाळ्यात वारा अरबी समुद्राकडून येतो. म्हणजे पूर्वेला जायचं तरी आधी पश्चिमेकडे झेप, मग वळण. एरवी मला याची गंमत वाटली असती. त्या दिवशी वाटलं, अहो, उलटं कुठे निघालात?

सोनेगावला उतरले तेव्हा सव्वानऊ झाले होते. बॅग, टॅक्सी, शहराच्या दुसऱ्या टोकाचं इस्पितळ. पोचले सव्वादहाला. ताईला पावणेदहालाच आत नेलं होतं. घरापासून साडेसहा तास, त्यात विमान निघाल्यापासून उतरेपर्यंतचा फक्त दीड.

नंतर बाकावर बसून नुसता हिशेब करत राहिले. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंश, म्हणजे सूर्याच्या घड्याळाने तिथे पंचवीस मिनिटं आधीच उजाडतं. ताई तशी सगळ्यातच माझ्या आधी. शाळेत आधी, लग्नात आधी. हिच्यात तरी पुढे जाऊ नकोस गं, एवढंच मनात येत होतं.

संध्याकाळी तिने डोळे उघडले. माझा हात चाचपला. "आलीस? किती वेळ लागला गं?"

"दीड तास," मी म्हटलं.

"बघ, किती जवळ आहेस. उगाच येत नाहीस."

२५ डिसेंबर २०२५ पासून आमच्या नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली आहेत. खाडीपूल आता ओलांडावा लागणार नाही. ताई काठी घेऊन चालायला लागली आहे. या खेपेला कुणी पडायची वाट न बघता जायचं ठरवलं आहे.