बंद म्हणजे किती बंद

पनवेल सोडून गोवा हायवेला लागलं की शिरढोण येतं. बाहेरच्यांना ते वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव म्हणून माहीत. मी तिथला वायरमन. हल्ली नव्या बंगल्यांत वरची एक खोली गेमसाठी ठेवतात. भलामोठा टीव्ही, प्लेस्टेशन, काँप्युटर, स्पीकर, रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या. मालक मोबाइल पुढे करतात, "दादा, सगळं इथूनच बंद-चालू झालं पाहिजे." मी आधी टीव्हीच्या मागे टॉर्च मारतो.

तिथे एकाला एक जोडलेले एक्स्टेंशन बोर्ड, एखादा बीनबॅगखाली दबलेला, आणि उरलेली वायर वेटोळं करून रबराने बांधलेली. वेटोळं नीटनेटकं दिसतं, पण लोडवर असताना आतल्या फेऱ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. मी मापाची वायर घेतो, दोन्ही टोकांना नाव लिहितो आणि वेल्क्रोने सैल बांधतो. दिवाळीला नवीन काहीतरी येणार आणि हे सगळं उघडावं लागणार, हे ठरलेलंच.

लोडला लोक उगाच घाबरतात. एसीची लाइन वेगळी ठेवली, तर बाकीचं सगळं मिळून हजार वॉटच्या आसपास. 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरही होत नाही. खरी अडचण अर्थिंगची. काँप्युटर आणि तसल्या इतर उपकरणांच्या सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जातच असतो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिणतं, टेस्टरही मिणमिणतो. मे महिन्यात जमीन सुकली की चांगलं अर्थिंगही कमजोर पडतं. अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता म्हटलं की लोक हसतात. ओतायचं. आणि करंट गळला की लाइन तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, तिथे मी घासाघीस ऐकत नाही.

आता मोबाइलचं. स्मार्ट प्लगमध्ये एक छोटा रिले असतो. चार-पाच उपकरणं एकदम चालू केली की त्यांचे रिकामे कपॅसिटर क्षणभर भरमसाट करंट ओढतात. त्या ठिणगीने रिलेचे पॉइंट कधीकधी चिकटतात. मग अ‍ॅपवर 'ऑफ' दिसतं आणि टीव्हीचा लाल दिवा तसाच. म्हणून मी डीबीत, म्हणजे मेन बोर्डात, दोन पोलचा काँटॅक्टर बसवतो आणि स्मार्ट स्विचला फक्त त्याची कॉइल चालवायला देतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. 'खट्' असा आवाज जिन्यात ऐकू येतो. मला तो आवडतो, मालकिणीला आवडेलच असं नाही. जुन्या घरात मात्र बोर्डात न्यूट्रल आणलेलाच नसतो. तिथे भिंत फोडायची की केसिंग-कॅपिंग करायचं, यावर घरात अर्धा दिवस चर्चा.

प्लेस्टेशनची सप्लाय मात्र तडकाफडकी तोडायची नाही. गेम सेव्ह होत असताना लाइट गेली तर डेटा खराब होऊ शकतो. आधी ते स्वतः बंद होऊ द्यायचं, मग काही मिनिटांनी काँटॅक्टर पडेल असा टायमर लावायचा. आणि लाइट परत आल्यावर स्विच बंदच राहील, अशी सेटिंग न विसरता करायची. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्या रायगड जिल्ह्यात कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. लाइट येते तेव्हा व्होल्टेज वर-खाली होत येते. त्या वेळी घरात कुणी नसताना सगळी खोली जागी व्हायला नको.

दाराशेजारी, हात पोचेल तिथे, एक साधा डीपी, म्हणजे दोन पोलचा, स्विच बसवतो. त्याला वायफाय लागत नाही, पासवर्ड लागत नाही. वास आला, धूर दिसला तर आजीलाही तो पाडता आला पाहिजे.

मृगाच्या विजा कडाडायला लागल्या की मात्र डीपीवरही भागत नाही. त्याच्या पॉइंटांमधलं अंतर फार तर काही मिलिमीटर. विजेला ते काहीच नाही. प्लगच बाहेर काढायचे. राउटर तांब्याच्या जुन्या केबलवर असेल तर तीही सोडवायची आणि डिशची वायरसुद्धा. ती कुणाच्या लक्षातच येत नाही.