विजय कोणाच्या नावे?

बेसबॉलमध्ये सामना संघ जिंकतो, पण ‘विजय’ जमा होतो एका पिचरच्या नावे. हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. सुरुवातीच्या पिचरने नऊ इनिंगच्या सामन्यात किमान पाच इनिंग पूर्ण केलेल्या असाव्या लागतात. तो आघाडी असताना त्याआधीच बाहेर गेला, ती आघाडी शेवटपर्यंत टिकली आणि त्याच्यामागून एकाहून अधिक बदली पिचर आले, तर नियमपुस्तकातला ९.१७ हा नियम एक विलक्षण गोष्ट करतो. अधिकृत गुणलेखकाच्या मते जो सर्वांत प्रभावी ठरला त्याला विजय द्या, असे सांगून तो बाजूला होतो. एवढ्या काटेकोर पुस्तकात हा ‘मते’ कोठून आला, याचे मला आजही कुतूहल वाटते.

रॉबर्ट कूव्हर यांच्या १९६८ सालच्या ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ या कादंबरीतला हेन्री वॉ हा हिशेबनीस रात्र रात्र तीन फासे टाकून एक अख्खी लीग चालवतो. डेमन रदरफर्ड या तरुण पिचरचा मृत्यूसुद्धा तिथे फासेच ठरवतात. पण फासे घटना ठरवतात; नोंद हेन्रीलाच करावी लागते.

ही कादंबरी वाचून आमच्या एका विद्यार्थ्याने असाच खेळ संगणकावर रचायला घेतला आणि एके दिवशी विचारले, “सर, प्रभावी म्हणजे काय, ते एका ओळीत सांगा ना.” मराठीच्या प्राध्यापकाला एका ओळीत! त्याचा स्वतःचा तोडगा सोपा होता: ज्याने सर्वाधिक फलंदाज बाद केले, तो. मी त्याला एक सामना कल्पून दिला. संघ ५-२ असा पुढे आहे, पहिला पिचर पाचव्या इनिंगमध्ये दोन बाद झाल्यावर निघून गेला आहे. दुसरा येतो तेव्हा तिन्ही बेस भरलेले. तो एकच फलंदाज बाद करतो आणि एकही धाव होऊ देत नाही. तिसरा तीन इनिंग निर्धास्तपणे टाकतो, चौथा शेवटची. विजय कोणाचा? तो म्हणाला, तिसऱ्याचा. बहुतेक गुणलेखकही कदाचित तेच लिहितील. माझे मन मात्र दुसऱ्यापाशी अडकते.

उलट प्रकारही आहे. पिट्सबर्गच्या एलरॉय फेसने १९५९ च्या हंगामात बदली पिचर म्हणूनच १८ विजय मिळवले, पराभव फक्त १. त्यांतले काही विजय त्याने आधी स्वतःच आघाडी घालवल्यावर, सहकाऱ्यांच्या फटक्यांनी त्याच्या पदरात पडलेले. अल्पकाळ येऊन निष्प्रभ ठरलेल्या पिचरला विजय नाकारण्याची सोय नियमात आहे. पण तो निकाल देणाराही पुन्हा गुणलेखकच.

विद्यार्थ्याने अखेर बेसवरच्या खेळाडूंना वेगळे गुण दिले. आता त्याचा संगणक कधी माझ्या बाजूने बोलतो, कधी त्याच्या. आकडे बदलले की मतही बदलते, आणि ते आकडे किती ठेवायचे यावर आमचा वाद अजून चालू आहे.