न झालेल्या सम्राटाचा रुबल

सेंट पीटर्सबर्गला जाणारा माणूस हर्मिताज म्युझियम बघतो, नेवा नदीत बोटीतून फिरतो आणि ढीगभर फोटो काढून परततो. मीही हे सगळं केलं. पण एक अख्खा दिवस राखून ठेवला होता, तो एका चांदीच्या नाण्यासाठी. नाव कॉन्स्टंटाइन रुबल, साल 1825.

हे नाणं बाजारात कधी आलंच नाही. ते आहे 'पॅटर्न', म्हणजे वरून मंजुरी घेण्यासाठी पाडलेलं नमुन्याचं नाणं.

सुरुवात केली नेवामधल्या बेटावरच्या पीटर अँड पॉल किल्ल्यातून. इथेच टांकसाळ आहे. नोव्हेंबर 1825 मध्ये झार अलेक्झांडर पहिला दूर तागानरोगला वारला. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे गादी धाकट्या भावाची, कॉन्स्टंटाइनची. पण त्याने पोलिश काउंटेसशी लग्न केलं होतं आणि गादीवरचा हक्क गुपचूप सोडून दिला होता. हे फार थोड्यांना ठाऊक! राजधानीने त्याच्याच नावाने शपथ घेतली. अर्थमंत्री कांक्रिन तर भलताच तत्पर. नवे साहेब येण्याआधी नमुना तयार हवा! झालं, टांकसाळ कामाला लागली. नाण्यावर कॉन्स्टंटाइनचं चपटं नाक आणि कल्ले अगदी हुबेहूब. गंमत म्हणजे अलेक्झांडरच्या चलनी रुबलवर चेहराच नसायचा.

साहेब मात्र वॉर्सातून हललेच नाहीत.

किल्ल्यातून निघून पूल ओलांडला आणि नदीकाठाने चालत सिनेट चौक गाठला. आता इथे मुलं खेळतात, नवी जोडपी पीटर द ग्रेटच्या घोड्यावरच्या पुतळ्यासमोर फोटो काढतात. 14 डिसेंबर 1825 ला (तेव्हाच्या रशियन कॅलेंडरप्रमाणे) याच चौकात सुमारे 3 हजार सैनिक उभे होते. कॉन्स्टंटाइनहून धाकटा भाऊ निकोलस गादीवर बसत होता. बंडाच्या पुढाऱ्यांना राजाची मनमानी संपवायची होती. साध्या शिपायांना मात्र सांगितलं होतं, की खरा झार कॉन्स्टंटाइनच. संध्याकाळी निकोलसने तोफा डागल्या. पुढच्या वर्षी पाच पुढाऱ्यांना किल्ल्यापाशी फाशी दिलं.

तिथे उभं राहून एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. ज्या नावासाठी शिपाई मेले, तेच नाव नाण्यावर कोरणाऱ्या मंत्र्याचं काय झालं? काहीच नाही! त्याने नाणी आणि ठसे गुपचूप दडवले आणि 1844 पर्यंत तोच अर्थमंत्री राहिला. साहेब बदलला की जुनी फाइल कपाटात, हा फंडा तेव्हाही होता. फक्त चौकातल्या माणसांकडे कपाट नव्हतं.

पुढे 1879 मध्ये अलेक्झांडर दुसऱ्याने दडवलेले पाच रुबल वाटून टाकले. त्यातला एक हर्मिताजच्या संग्रहात आहे, एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये. आणि कॉन्स्टंटाइन? तो 1831 मध्ये कॉलऱ्याने गेला. त्याची कबर किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे, टांकसाळीच्या अगदी समोर.

जाताय? मग हे वाचा
केव्हा : जून. रात्री जेमतेम अंधार पडतो.
कसं : मेट्रोने गोर्कोव्स्काया स्टेशन, तिथून किल्ला चालत.
चुकवू नका : किल्ल्यावरची दुपारी 12 ची तोफ. कान सांभाळा!