पवित्र दिवसांचा मासा

हॅलिबट या माशाच्या इंग्रजी नावात आपल्या उपवासाची खूण दडलेली आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘हॅली’ म्हणजे पवित्र आणि ‘बट’ म्हणजे चपटा मासा. मांस वर्ज्य असलेल्या पवित्र दिवसांत तो खाल्ला जाई, म्हणून हे नाव पडले, असे शब्दकोशकार मानतात. शब्दाच्या मुळाशी जाण्याची सवय आम्हां धर्मगुरूंना सेमिनरीतच लागते. त्या वाटेने आम्ही थेट अलास्काच्या थंड समुद्रात पोहोचलो.

हॅलिबट आपल्याकडील लेपीसारखाच चपटा. पिल्लाचे डोळे दोन बाजूंस असतात. पुढे डावा डोळा सरकून उजवीकडे येतो आणि मासा तळाशी पडून वर पाहू लागतो. प्रशांत महासागरात तो २०० किलोंहूनही अधिक भरतो. असा मासा काही धाडसी माणसे कयाकमधून, म्हणजे एका माणसापुरत्या अरुंद होडीतून गरवतात!

भरती-ओहोटीचा प्रवाह मंदावतो ती घटका ते साधतात, कारण जोराच्या प्रवाहात आमिष तळाशी टिकत नाही. शिसे तळाला टेकवायचे, किंचित उचलायचे, पुन्हा टेकवायचे. गरीचे टोक आत वळलेले असते. मासा लागताच हिसका द्यायचा नाही. तो वळून निघाला की गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात रुतते. मोठा मासा जिवंत असता होडीत घ्यायचा नाही, शेपटीच्या फटकाऱ्याने होडी उलटेल. दोर व तरंगता गोळा बांधलेला भाला मारून तो दमेपर्यंत थांबायचे. सुरी हाताशी हवीच. प्रसंगी दोर कापून मासा सोडावा लागतो.

त्याच किनाऱ्यावरील त्लिंगित लोक हलके आणि जड अशी दोन लाकडे सांधून गरी करीत. तिचे माप असे की अगदी लहान मासा तिला लागू नये आणि अतिविशाल माशाच्या तोंडात ती मावू नये. अतिविशाल हॅलिबट बहुधा माद्या असतात. त्या वाचल्या तर वंश वाचतो.

आमचे मन या मापापाशी अडते. पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. तरी बारीक आसाच्या जाळ्यांत त्याची पिल्ले येतात आणि बाजारात विकलीही जातात. उपवास म्हणजे केवळ मांसाऐवजी मासा नव्हे. पुढच्यासाठी काही मागे ठेवणे, हाही उपवासच. तो जाळे विणताना सुरू होतो, आणि टोपलीतली पिल्ले नाकारणाऱ्या गृहिणीच्या हातून पूर्ण होतो.